शनिवारचं आजारपण

जेल रोडच्या ख्रिस्ती मंडळीत कोण आजारी पडलंय हे उज्वला पगारेला डॉक्टरच्याही आधी कळायचं. त्यात चमत्कार काही नव्हता. लोक आधी तिला फोन करायचे आणि मग रिक्षा शोधायचे. "वहिनी, बाबांच्या छातीत दुखतंय, प्रार्थनेत ठेवा," असं कुणी म्हटलं की उज्वला आधी विचारायची, "रिक्षा मिळाली का, की ह्यांना गाडी घेऊन पाठवू?" म्हणूनच तर तिच्या प्रार्थनेवर लोकांची फार श्रद्धा होती.

चर्चच्या भगिनी मंडळाची चिटणीस ती, रविवारच्या शब्बाथशाळेत लहान मुलांचा वर्ग तिचा, वेदीवरच्या कापडांच्या कपाटाची किल्ली तिच्या पर्समध्ये, आणि नाताळात करंजीचं सारण किती गोड असावं यावर बायकांचे दोन तट पडले की निवाडाही तिचाच. एवढं सांभाळून सकाळी बालवाडीत शिकवायचं, सासूबाईंच्या साखरेकडे बघायचं, सातपूरच्या कारखान्यातल्या पाळीप्रमाणे नवऱ्याचा, शेखरचा, डबा पुढेमागे करायचा आणि बारा वर्षांच्या निकिताचा अभ्यास घ्यायचा. शिवाय आयुषचा कान. सहा वर्षांच्या आयुषचा उजवा कान हे त्या घरातलं सहावं माणूसच होतं. शाळेला सुट्टी असली की तो गुण्यागोविंदाने राहायचा. घरच्यांनी कुठे बाहेर पडायचं ठरवलं की ठणकायला लागायचा.

कुणी कुणासाठी काय केलं याचा ताळेबंद मांडला असता, तर मंडळीतल्या निम्म्या घरांत उज्वलाच्या नावावर काही ना काही जमा निघालं असतं. कुणाच्या बाळंतपणातली रात्र, कुणाच्या मयतीतला चहा, कुणाच्या पोराचा दाखला. खर्चाच्या बाजूला मात्र एकच रक्कम होती. ती घरातल्या घरात होती, आणि चढत चालली होती. तिचं नाव नांदूरमधमेश्वर.

नाशिकहून तास-सव्वातासाच्या अंतरावर गोदावरीच्या बंधाऱ्याचं पाणी पसरलंय, तिथे थंडीत कुठून कुठून पक्षी येतात. शाळेत बाईंनी त्यांचे फोटो दाखवले तेव्हापासून निकिताच्या डोक्यात एकच पक्षी बसला होता : चमच्या. "त्याची चोच चमच्यासारखी असते, आई. आणि तो ती पाण्यात अशी इकडून तिकडे फिरवतो. तू रविवारी चर्चला उशीर झाल्यावर आमटी ढवळतेस ना, तश्शी!" तिच्या मामाने वाढदिवसाला दुर्बीण दिली होती. त्या दुर्बिणीतून आजवर फक्त समोरच्या इमारतीतली वाळत घातलेली चादर दिसली होती.

डिसेंबरात जायचं ठरलं, पण डिसेंबरात मंडळीचा माणूस कुठे जातो? जानेवारीत ठरलं, तर इगतपुरीला मंडळीतल्या एकांच्या घरी मयत झाली आणि माणसांनी भरलेली गाडी घेऊन शेखरला घाट गाठावा लागला. शेवटी प्रजासत्ताकदिनाला डबे भरले, थर्मास भरला, आणि आयुष कानावर हात धरून दारातच बसला. त्या दिवशी निकिता रडली नाही, भांडली नाही. "ठीक आहे," म्हणाली आणि दुर्बीण पेटीत ठेवून तिने पेटीची चेन ओढली.

त्या "ठीक आहे"चा उज्वलाला फारसा त्रास झाला नाही. कामात बुडालेल्या बाईला अशा वेळी उलट हायसंच वाटतं. त्रास झाला तो पुढच्या आठवड्यात. ती ओट्याशी लसूण सोलत होती आणि बाहेर जिन्यावर निकिता मैत्रिणीशी बोलत होती.

"तुम्ही जाणार होता ना पक्षी बघायला?"

"आमच्याकडे जायचं नसतं गं," निकिता म्हणाली, अगदी समजूतदार आवाजात. "नुसतं ठरवायचं असतं."

उज्वलाच्या हातातली लसणीची पाकळी तशीच राहिली. पोरगी रागावून बोलली असती तर समजूत काढता आली असती. हिने तर आईचं नाव बुडीत खात्यात टाकून वही मिटली होती.

त्याच संध्याकाळी तिने जाहीर केलं : येत्या शनिवारी, काही झालं तरी. होळी झाली की ते पाहुणे पक्षी परतायला लागतात, म्हणजे आता नाही तर पुढच्या वर्षी. निकिता वर न बघता "बरं" म्हणाली.

आणि बुधवारी भगिनी मंडळाच्या ग्रुपवर अध्यक्षबाईंचा, म्हणजे मालनबाईंचा निरोप आला. ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू व्हायच्या आधी वेदीवरचं पितळ घासायचं आहे, जांभळं कापड काढून इस्त्री करायचं आहे. भगिनींनी शनिवारी सकाळी आठला यावे.

आता इथे उज्वलाने सरळ लिहायला हवं होतं की मी पोरांना घेऊन बाहेर जातेय. पण त्यात एक गोम होती. मागच्या नाताळात गायनाची तालीम बुडवून मंजुषा साळवे नवऱ्याबरोबर सापुताऱ्याला गेली होती, तेव्हा चार बायकांत उज्वलाच म्हणाली होती, "असू दे बाई, जाऊ दे तिला. प्रभूच्या कामाला मात्र सुट्टी नसते." वाक्य गोड होतं आणि बरोबर जिथे पोचायचं तिथे पोचलं होतं. आता कोणत्या तोंडाने सुट्टी मागायची?

मंडळीत एकच रजा कुणी नाकारत नाही. तिने कांदा परतता परतता लिहिलं, "तब्येत जरा बरी नाही. शनिवारी जमणार नाही. किल्ली मंजुषाकडे पाठवते." आणि चिटणीसपदाच्या अकरा वर्षांत पहिल्यांदा आपण खोटं बोललो म्हणून छाती धडधडली, त्याचा अर्थ तिने असा काढला की खरंच जरा बरं नसावं.

ग्रुपवर हात जोडलेल्यांची रांग लागली. तिथेच तिला शहाणपण सुचायला हवं होतं, कारण पुढचं सगळं यंत्र तिनेच बांधलेलं होतं. पूर्वी आजाऱ्याला भेटायला बायका जायच्या त्या दुपारभर बसायच्या, आणि ताप आलेली बाई उठून त्यांना चहा करायची. हे बघून उज्वलानेच मंडळात नियम करून घेतले होते. दोघीदोघींनी जायचं. एक गाणं, एक स्तोत्र, छोटी प्रार्थना. जाताना डबा न्यायचा, चहा घ्यायचा नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं : आधी विचारायचं नाही. विचारलं की माणूस "कशाला उगीच त्रास" म्हणतं. तेव्हा न कळवता, सकाळी लवकर, दार वाजवायचं.

नियम इतके चांगले होते की मंडळ ते मनापासून पाळत असे.

शनिवारी पावणेसातला घर कसं लग्नघरासारखं झालं होतं. मेथीच्या पुऱ्या, उकडलेली अंडी, शेंगदाण्याची चटणी पिशवीत गेली होती. आयुषला कानटोपी घालून वरून मफलर बांधला होता. कानाला बंडाची संधीच ठेवली नव्हती. निकिताच्या हुकमावरून उज्वलाने साडी सोडून सलवार-कमीज आणि पायात कॅनव्हासचे बूट चढवले होते, कारण काठाला चिखल असतो. निकिताच्या गळ्यात दुर्बीण होती. अजून तिचा विश्वास बसलेला नव्हता, पण टोपी तिने घातली होती.

दार वाजलं. सासूबाईंनी, सुलाबाईंनी, खिडकीतून वाकून बघितलं. "अगं बाई, मालनबाई! आणि ती मंजुषा. हातात डबा दिसतोय."

उज्वलाचा चेहरा उतरला. "अहो, मी आजारी आहे."

"आं? कधीपासून?" शेखरने विचारलं.

"बुधवारपासून!"

पुढचं सांगायला वेळ नव्हता. ती आतल्या खोलीत पळाली आणि बुटांसकट पलंगावर पडून तिने सोलापुरी चादर गळ्यापर्यंत ओढली. शेखरला खोटं बोलता येत नसे. कारखान्यात त्याची उशिराची कारणंसुद्धा खरी असत. तो मुकाट्याने न्हाणीघरात गेला आणि त्याने नळ सोडला. सुलाबाईही आयुष्यात खोटं बोलल्या नव्हत्या, पण गप्प राहण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. त्यांनी दार उघडलं.

"सलाम, सुलाबाई."

"सलाम. या."

मालनबाई म्हणजे निवृत्त मेट्रन. सरकारी दवाखान्यात उभा जन्म गेलेला, पाठ अजून ताठ. आत येता येता त्यांची नजर सगळ्या वॉर्डावरून फिरली : दारातला थर्मास, फुगलेली पिशवी, कानटोपीतला आयुष, दुर्बीण घातलेली निकिता. त्यांच्यामागून मंजुषा डबा सांभाळत आली.

"कसं वाटतंय, उज्वला?"

"जरा… कणकण आहे, मावशी."

"हं." मालनबाई पलंगाच्या कडेला बसल्या. पायथ्याशी चादरीला दोन टोकं वर आली होती. अनवाणी पायांची टोकं इतकी उंच नसतात. मंजुषाने तिकडे बघितलं आणि घाईने गायनाचं पुस्तक उघडलं.

गाणं झालं, स्तोत्र झालं. मग मालनबाईंनी उज्वलाचं मनगट हातात घेतलं आणि डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. "हे दयाळू बापा, ही तुझी लेक उज्वला. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा हिने आठवडाभर येऊन माझी वेणी घातली. रंगूबाईच्या नातवाला डेंग्यू झाला तेव्हा रक्त देणारी माणसं हिने शोधली. ह्या मंजुषाच्या बाळाचं बारसं…"

नाव घेऊन, घर घेऊन प्रार्थना पुढे चालली. ऐकणाऱ्याला वाटावं काय भक्तिभावाने हात धरलाय. उज्वलाला मात्र पक्कं कळत होतं की बाईंची बोटं नाडीवर आहेत. नाडी काय सांगत होती तेही तिला कळत होतं. डोळे मिटून पडल्या पडल्या तिला लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती ती वेळाची. पितळ आठला. ह्या जातील, मग दुसरी जोडी येईल, मग तिसरी. आज दिवसभर ह्या घरातून आजारी बाईला हलता येणार नव्हतं.

"…तर हिच्या अंगातली कणकण काढ, हिला बरं कर," मालनबाई म्हणाल्या.

आणि त्याच वेळी दाराकडून एक बारीक आवाज आला. चर्र. पेटीची चेन.

प्रार्थनेत डोळे उघडायचे नसतात हे उज्वला शब्बाथशाळेत दर रविवारी शिकवायची. तिने उघडले. निकिताने टोपी काढली होती, गळ्यातली दुर्बीण पेटीत ठेवली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं.

"आमेन," मंजुषा म्हणाली.

"आमेन," बाहेरून सुलाबाई म्हणाल्या.

उज्वला म्हणाली नाही. चादर फेकून ती उठून बसली, बूट सगळ्यांसमोर आले. "मावशी, मला काही झालेलं नाही. मी खोटं बोलले. पोरीला पक्षी दाखवायला न्यायचंय, आणि तिचा आता माझ्यावर विश्वास राहिलेला नाही. मी जातेय. पितळ मी परत आल्यावर एकटी घासीन, पण आत्ता मी जातेय."

न्हाणीघरातला नळ बंद झाला.

मंजुषाने पदर तोंडाला लावला, पण हसू पदरातून बाहेर आलंच. "वहिनी, प्रभूच्या कामाला म्हणे सुट्टी नसते."

"चुकलं गं माझं ते. खरंच चुकलं."

"जाऊ द्या हो. सापुताऱ्याला जितक्या वेळा तुम्ही आठवलात ना मला, तितक्या वेळा घरीसुद्धा आठवत नाही. बोटीत बसले तरी तुमचं वाक्य शेजारी बसलेलं!"

मालनबाई हसल्या नव्हत्या. मनगट अजून त्यांच्या हातातच होतं. "इतकी वर्षं पोरींच्या खोट्या आजारपणाचे अर्ज बघितले मी," त्या म्हणाल्या. "दारातूनच ओळखायचे. ही तापाची नाडी नाही, ही गाडी चुकेल म्हणून धावणाऱ्याची नाडी आहे."

"मग कळूनही प्रार्थना केलीत?"

"त्यातलं एक तरी खोटं होतं का?" त्यांनी हात सोडला. मग जरा थांबून, खिडकीकडे बघत म्हणाल्या, "माझा महेश पुण्याला असतो. दर महिन्याला फोनवर सांगतो, मम्मी, पुढच्या महिन्यात नक्की येतो. अगदी माझ्या आवाजात म्हणतो गं. मी ड्यूटीवर जाताना त्याला म्हणायचे, तसं." मालनबाईंनी हात पुढे केला. "फोन दे."

"कुणाला करायचाय?"

"कुणाला नाही. तो इथे राहील. तो बरोबर आला तर चांदोरीच्या पुढे जाल का तुम्ही? कुणाला तरी चक्कर येईल."

"पण मावशी, पितळ?"

"पितळाला पंख आहेत का? पुढच्या शनिवारी घासू. मंजुषा, जाऊन सगळ्यांना तसं सांग. आणि मी इथे बसते सुलाबाईंपाशी. आता दिवसभर डबे येत राहतील, ते कोण घेणार? तुझेच नियम आहेत. ऊठ! आणि ही खिचडी घेऊन जा, मी तुझ्यासाठी पाच वाजता उठलेय."

निकिता दारात उभी होती. तिने पेटीची चेन परत उघडली, पण अर्धीच.

गाडी नांदूर नाका ओलांडून चांदोरीच्या रस्त्याला लागली तेव्हा कुठे तिने ती पूर्ण उघडली. दोन्ही बाजूला द्राक्षांच्या बागांत तोडणी चालली होती, हवेला निफाडची थंडी होती. आयुष कानटोपीतून मोठ्याने ओरडून बोलत होता, कारण त्याला स्वतःचंच ऐकू येत नव्हतं. उज्वलाचा हात दर थोड्या वेळाने पर्सकडे जायचा, चाचपायचा आणि परत यायचा.

"आई, फोन शोधतेयस ना?"

"नाही गं."

"खरं सांग."

"हो."

पाण्याकाठच्या मनोऱ्यावर चढल्यावर आधी बराच वेळ नुसतं धुकं दिसलं. मग धुकं विरलं आणि पाणी पक्ष्यांनी भरलेलंच निघालं. चक्रवाकांच्या जोड्या, काळेकुळकुळीत पाणकावळे, निळ्या-जांभळ्या पाणकोंबड्या. शेखर प्रत्येक पांढऱ्या बगळ्याला "हा बघ तुझा चमच्या" म्हणायचा आणि निकिता प्रत्येक वेळी "पप्पा!" म्हणून कपाळाला हात लावायची. ऊन चांगलं वर आलं, उज्वलाचं नाक भाजायला लागलं, आणि निकिता एकदम गप्प झाली. इतकी गप्प, की उज्वलाला वाटलं पोरगी परत रुसली की काय. निकिताने काही न बोलता दुर्बीण गळ्यातून काढली आणि आईच्या डोळ्यांना लावली.

दूर उथळ पाण्यात पाच-सहा पांढरे पक्षी ओळीने चालले होते. माना खाली, चपट्या चोची पाण्यात, इकडून तिकडे, तिकडून इकडे. कामाला जुंपलेल्या बायकांसारखी लगबग.

"अगं, हा खरंच आमटी ढवळतोय की!" उज्वला ओरडली, आणि शेजारच्या मनोऱ्यावरची माणसं वळून बघायला लागली.

"हळू, आई! उडतील!" निकिता म्हणाली. पण ती हसत होती.

बांधावर बसून त्यांनी मालनबाईंची खिचडी उघडली. दवाखान्याची खिचडी ती. मीठ नावाला, मिरचीचा पत्ता नाही. शेंगदाण्याची चटणी घालघालून चौघांनी डबा चाटूनपुसून संपवला. आयुषचा कान दुखला नाही. दुखला असेल तरी मफलरखाली कुणाला कळलं नाही.

संध्याकाळी घरी आले तर ओट्यावर डब्यांची चळत. सुलाबाई आणि मालनबाई चहा पीत बसलेल्या, दोघींचे चेहरे फार दिवसांनी मनसोक्त गप्पा मारलेल्या बायकांचे असतात तसे.

"मावशी, काय सांगितलंत सगळ्यांना?"

"खरं तेच. म्हटलं, उज्वला घरी नाही, बरी व्हायला गेलीय. रंगूबाईने विचारलं, कुठे. म्हटलं, पाण्याकाठी, हवापालटाला. ती म्हणाली, डॉक्टर चांगला दिसतोय, नंबर द्या."

निकिता डब्यांकडे बघत होती. "आई, आपल्याकडे डबा रिकामा परत करायचा नसतो ना?"

"नसतो."

"म्हणजे आता ह्या सगळ्यांत काहीतरी भरायचं?"

"तुझ्या चमच्याची किंमत आहे ती," सुलाबाई म्हणाल्या. "कर बरं यादी, कुणाला काय आवडतं."

रविवारी उज्वला लाल झालेलं नाक घेऊन चर्चमध्ये आली. उपासनेआधीच मंजुषाच्या तोंडून गोष्ट अर्ध्या बाकांपर्यंत पोचली होती, उरलेल्या बाकांपर्यंत उज्वलाने स्वतः पोचवली. बायका हसल्या, एकदोघींनी तोंड वाकडं केलं, आणि रंगूबाईंनी तेवढ्यात विचारून घेतलं की मनोऱ्याला पायऱ्या फार आहेत का.

उपासना संपता संपता पाळकसाहेबांनी सूचना वाचली : पितळ घासण्याचं काम येत्या शनिवारी सकाळी आठला. कोण कोण येईल, हात वर करावेत.

उज्वलाचा हात सवयीने निघाला, छातीपर्यंत आला. पुढच्या बाकावरून मालनबाईंनी मान वळवून बघितलं. हात तिथेच थबकला, इकडेतिकडे झाला आणि निकिताची सरळ असलेली वेणी सरळ करायला लागला.

निकिताने आईच्या त्या हाताकडे बघितलं, मग मालनबाईंकडे. आणि स्वतःचा हात वर केला, चांगला उंच.

"आम्ही दोघी येऊ," ती म्हणाली. "पण अकरापर्यंतच. त्यानंतर आम्हाला बाहेर जायचंय."

"कुठे गं?" उज्वलाने हळूच विचारलं.

"ते अजून ठरवायचंय," निकिता म्हणाली. "पण जायचंय."